दात खाणाऱ्यांसाठी प्लेट: मऊ, कडक की छापलेली?

झोपेत दात खाणे म्हणजे पोटात जंत, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. मोठ्या माणसाचे दात झिजून सपाट झाले, सकाळी जबडा आखडू लागला, की जंतांचे औषध मागे पडते आणि दातांचे डॉक्टर 'नाइट गार्ड' सुचवतात. शास्त्रीय भाषेत हीच ऑक्लुजल स्प्लिंट: वरच्या किंवा खालच्या दातांवर रात्री बसवायची पातळ पारदर्शक प्लेट. आजकाल ती तीन-चार प्रकारांत मिळते आणि नव्या यंत्रावर केलेली ती चांगली, असे रुग्णाला सहज वाटते. बारामती किंवा इंदापूरच्या रुग्णाने मात्र आधी वेगळाच प्रश्न विचारावा: ही प्लेट बसवल्यावर इथल्या इथे घासता येईल का, तिच्यात भर घालता येईल का?

या प्रश्नाला कारण आहे. प्लेट घालू लागल्यावर ताठलेले स्नायू हळूहळू सैल पडतात, जबडा किंचित वेगळ्या जागी बसू लागतो आणि पहिल्या दिवशी सारखे टेकणारे दात पंधरवड्यात कमी-जास्त टेकतात. मग डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, उमटलेल्या खुणा पाहतात आणि जास्त टेकणारा भाग घासतात. हे दोन-तीनदा तरी करावे लागते. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरहून दूर, बारामतीहून शंभरेक. दर वेळी तिकडे जायचे म्हटले तर रोजगार बुडतो, आणि रुग्ण बहुधा जातच नाही. न जुळवलेली प्लेट मग डबीत पडून राहते.

सर्वांत स्वस्त प्लेट मऊ. इव्हीए नावाच्या रबरासारख्या प्लॅस्टिकचा तक्ता तापवून दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर हवेच्या दाबाने ओढून बसवला, की तासाभरात ती तयार होते. तोंडात ती टोचत नाही, म्हणून रुग्णालाही आवडते. पण मऊ प्लॅस्टिक नीट घासले जात नाही. फिरत्या चाकाखाली ते लोळते, त्याचे धागे निघतात. शिवाय १९८७ साली जेफ्री ओकेसन यांनी दहा जणांवर केलेल्या अभ्यासात कडक प्लेटने आठ जणांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली, तर मऊ प्लेटने पाच जणांची उलट वाढली. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. तरी तात्पुरत्या कामापलीकडे मऊ प्लेटच्या बाजूने बोलायला फारसे काही उरत नाही.

कडक प्लेट म्हणजे ॲक्रिलिक, ज्याची कवळी बनते तेच. आधी साच्यावर मेणाची प्लेट घडवतात, ती प्लास्टरमध्ये पुरतात, मेण उकळून काढतात आणि त्या पोकळीत ॲक्रिलिकचा लगदा दाबून भरतात. मग पाण्यात सुमारे ७४ अंशांवर काही तास शिजवतात. घाई केली तर आत बुडबुडे राहतात. शिजताना ॲक्रिलिक आक्रसते, हा त्याचा खरा दोष. पण ते दातांच्या एनॅमलपेक्षा नरम असल्याने स्वतः झिजते आणि दात वाचतात. तडा गेला किंवा खड्डा पडला तर न शिजवता घट्ट होणाऱ्या 'थंड' ॲक्रिलिकने दवाखान्यातच भरता येते. ज्या लॅबमध्ये कवळ्या होतात, तिथे हे सगळे साहित्य असतेच.

आता आक्षेप संगणकवाल्यांचा, आणि तो वजनदार आहे. तोंडात कॅमेरा फिरवून घेतलेले माप इंटरनेटने क्षणात पुण्याला जाते. शेवाळापासून केलेल्या मापाच्या पेस्टला हे सुख नाही. ती सुकून आक्रसते, उन्हाळ्यात तर लवकरच, म्हणून तिच्यात लगेच प्लास्टर ओतावे लागते. कारखान्यात आधीच घट्ट केलेल्या ॲक्रिलिकच्या चकतीतून यंत्राने कोरलेली प्लेट शिजताना आक्रसण्याचा प्रश्नच ठेवत नाही, आणि ती ॲक्रिलिकच असल्याने पुढे घासताही येते, भरताही येते. थर-थर रचून छापलेली प्लेट कोरलेल्यापेक्षा कमी साहित्यात होते, पण छापून झाल्यावर तिला अल्कोहोलने धुऊन पुन्हा प्रकाशात पक्के करावे लागते. ही पायरी आळसाने उरकली तर कच्चे रसायन तोंडात जाते. काही छापील रेझिन ठिसूळही असतात. म्हणजे माप डिजिटल आणि प्लेट कोरलेली, हा मेळ परवडत असेल तर उत्तमच.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो: प्लेटचा उपयोग होतो तरी का? ब्रिटनमधील २०२० च्या एका मोठ्या आढाव्याला जबड्याच्या सांध्याचे दुखणे प्लेटने कमी होते याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणून दुखणे जाईल, दात खाण्याची सवय सुटेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर सावध राहावे. दातांऐवजी प्लेट झिजते, एवढे मात्र हिरडीपर्यंत दात घासले गेलेल्या माणसाला कमी नाही. आणि काम एवढेच असेल, तर महागड्या यंत्राचा आग्रह आणखी सैल पडतो. प्लेट सगळे दात झाकणारी मात्र हवी. उघडे राहिलेले दात कालांतराने वर सरकतात आणि चावा बिघडतो.

डिजिटल मापाचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. प्लेट हरवली किंवा फुटली, तर संगणकात जपलेल्या मापावरून दुसरी करून घेता येते. मधल्या काळात दात बदललेले नसले, तर नवे माप लागत नाही. ती आल्यावर रंगीत कागद चावायला मात्र बारामतीच्याच खुर्चीत बसावे लागेल.