जवसाच्या धाग्यात गुंडाळलेली नाइशू

वांकिडी, आसिफाबाद, राजुरा या पट्ट्यातल्या मराठी घरांत जवसाची चटणी रोजच्या जेवणातली. त्याच जवसाच्या देठापासून धागा निघतो आणि त्या धाग्याचे तागासारखे मजबूत कापड विणतात. असल्या कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली इजिप्तची एक तरुणी हैदराबादला नामपल्लीच्या बाग-ए-आममधील राज्य संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. राजकन्या नाइशू म्हणून तिची ओळख. तिला जाऊन दोन हजारांहून जास्त वर्षे झाली.

निजाम सरकारने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते उघडून ते गुलाम याजदानींच्या हाती दिले. संग्रहालय उभे राहिले ते या खात्याच्या कामातून. नाइशू तिथे पोहोचली ती निजाम घराण्यामुळे. सहाव्या निजामाचे जावई नझीर नवाझ जंग यांनी 1920 च्या सुमारास एक हजार पौंडांना ही ममी विकत घेतली आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना भेट दिली. त्यांनी 1930 मध्ये ती संग्रहालयाच्या हवाली केली. तेव्हा वांकिडी आणि राजुरा दोन्ही एकाच संस्थानात, एकाच जिल्ह्यात होते. राजुरा वेगळा झाला तो 1956 मध्ये.

ममी टिकते ती खारामुळे. इजिप्तमधील कारागीर नाकावाटे मेंदू काढत, पोटातली आतडी, यकृत बाहेर घेत आणि देह सुमारे 40 दिवस नेट्रॉनमध्ये पुरून ठेवत. नेट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराच्या कुळातला, तळ्याकाठी साचणारा खार. अंगातले पाणी तो शोषून घेई. मग तेल, राळ आणि शेवटी जवसाच्या कापडाचे थर.

इजिप्तच्या कोरड्या वाळूत जे टिकले, ते हैदराबादच्या पावसाळी हवेत विरू लागले. म्हणून 2016 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन तज्ज्ञांची मदत घेतली गेली. ममीचे सीटी स्कॅन झाले. पट्ट्यांची एक गाठही न सोडता आतली हाडे पाहता आली. नंतर ती नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत ठेवली गेली. ऑक्सिजन नसला की कीड जगत नाही, बुरशी वाढत नाही.

नाइशू इजिप्तहून इकडे आली, पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती; प्राचीन काळी भारताचा माल तिकडे जात असे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरात उत्खननात भारतीय सागवान मिळाले. एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. 2022 मध्ये बुद्धमूर्ती निघाली, आणि सातवाहन राजांची दोन नाणीही मिळाली. एकीकडे पैठण, दुसरीकडे कोटिलिंगाला, दोन्ही गोदाकाठची. सातवाहनांचा वावर या दोन्ही टोकांना होता. सागवानाच्या रानाशेजारी वाढलेल्या माणसाला बेरेनिके परके वाटू नये.

प्राचीन इजिप्तचा अभ्यास पिरॅमिडच्या चित्रापासूनच सुरू व्हावा असे नाही. कापड कशाचे, खार कुठला, लाकूड कोणत्या झाडाचे, हे विचारता येणे ही त्या विद्येची पहिली पायरी आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलाला हे प्रश्न विचारायला शिकवावे लागत नाही. दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, कचेरीच्या कामासाठी आपण हैदराबादला जातोच. पुढच्या खेपेला मुलांना सोबत घ्या, नामपल्लीला उतरा आणि त्यांना ते जवसाचे कापड दाखवा.