निरवानिरव आधीच करावी

आगोट आली की आपण तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरतो, लाकडे पडवीत रचतो. मरणाची तयारी मात्र कोणी करीत नाही. 'अभद्र बोलू नये' म्हणतो! पण काजळी नदीच्या मुखाशी वसलेल्या भाट्यात आषाढाची झड लागलेली असताना कोणी गेले, तर ओली लाकडे पेटत नाहीत, आणि मुंबईचा मुलगा अजून वाटेत असतो. सगळी धावपळ दुःखी घरावर येते. म्हणून तीन गोष्टी आधीच बघाव्या.

पहिली, सरण. एका चितेला ४०० किलोच्या आसपास लाकूड लागते. वाडीने मिळून तेवढे छपराखाली कोरडे राखावे.

दुसरी, नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे घरी झालेला मृत्यू २१ दिवसांत ग्रामपंचायतीत कळवावा. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. दाखल्यावाचून सातबाऱ्यावर वारस लागत नाही, बँकेतले पैसेही अडतात.

तिसरी, आपली इच्छा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. पण ते बहुधा दिवसकार्य झाल्यावर उघडतात. तेव्हा अंत्यविधी कसा करावा, हे घरच्यांना तोंडी सांगून ठेवा. नेत्रदान करायचे तर तेही सांगा. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.

शिक्षकमंडळींनी लिहिता न येणाऱ्यांना कागद करायला मदत करावी. बोलल्याने मरण लवकर येत नाही. मागच्यांचा भार मात्र हलका होतो.