शारीरिक श्रम आणि हृदयाचे आरोग्य

खेड्यातील माणसास व्यायामाची काय आवश्यकता, असा प्रश्न शिरपूर तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात सहज विचारला जातो. तापीकाठच्या काळ्या शेतांत व सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर अंगमेहनत नित्याचीच, हे खरे. परंतु नांगराची जागा ट्रॅक्टरने आणि पायवाटेची मोटारसायकलने घेतली, तेथे हे गृहीत टिकत नाही. शिक्षकाचा व्यवसायही आता बव्हंशी बैठकीचाच होय.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास लंडनच्या दुमजली बसगाड्यांपासून सुरू झाला, असे म्हणता येईल. डॉ. जेरी मॉरिस यांनी सुमारे ३१,००० वाहतूक कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देण्यासाठी रोज शेकडो पायऱ्या चढउतार करी. वाहकांस हृदयविकार कमी होई, व झाला तरी तो बहुधा सौम्य असे. मुळात सडपातळ माणसेच वाहक होत असतील, अशी शंका येणे स्वाभाविक होते. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चक्क गणवेशाच्या मापांवरून तपासली! चालक कमरेने जाड होते, हे खरे निघाले. तथापि बारीक असो वा स्थूल, वाहकास अकस्मात मृत्यूचा धोका कमीच आढळला.

शिक्षकांच्या दृष्टीने याहून मोलाचे संशोधन अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे सतरा हजार माजी विद्यार्थ्यांविषयीचे आहे. डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांनी ते १९७८ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थिदशेत मैदान गाजवून पुढे बैठे जीवन पत्करणाऱ्यांस जुन्या खेळाचा काहीही लाभ उरला नव्हता; उलट, तेव्हा न खेळलेले पण पुढे नियमित श्रम करू लागलेले अधिक सुरक्षित होते. कारण उघड आहे. हृदय हा स्नायूच. सरावाने तो एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलतो, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्यास कमी ठोके पुरतात. रक्तदाब आटोक्यात राहतो, रक्तातील साखर स्नायूंच्या कामी येते. श्रम सुटले की हा लाभही ओसरू लागतो.

मूल किडकिडीत आहे, तेव्हा त्यास ही चिंता नको, असेही समजू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी रोड होती. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा शरीरठेवणीमुळे पुढे मधुमेहाचा, आणि त्यामागोमाग हृदयविकाराचा, धोका संभवतो.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. कबड्डीचे चौदा गडी खेळतात व उरलेला वर्ग कडेला बसून टाळ्या वाजवितो, अशा तासाने हे साधत नाही. चपळ मुलांचा संघ करणे सोपे असते. मागे राहणाऱ्या मुला-मुलींस, विशेषतः वरच्या वर्गांतील मुलींस, रोज धावावयास लावणे अवघड, आणि हार्वर्डचा अनुभव पाहता तेच अधिक आवश्यक. धावण्यापूर्वी व नंतर मुलांनी मनगटावरील नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी व आकडे फळ्यावर मांडावेत. गणिताचा पाठही त्यात होतो. मात्र थोड्या श्रमानेच ज्यास फार धाप लागते, छातीत दुखते किंवा ज्याचे ओठ निळसर पडतात, त्यास न धावविता पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.