ट्रेडमिलवर चालताना : यतना हीच सुरक्षितता

पाथरी हे परभणी जिल्ह्यातील काळ्या मातीच्या मुलखातले तालुक्याचे गाव. वैशाखात येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी आठालाच ऊन अंगावर येते. पावसाळ्यात गावाबाहेर पाऊल टाकले की चिखल पायताण सोडत नाही. गळिताच्या हंगामात कल्याण–निर्मल महामार्गावरून उसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या, म्हणजे पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालणे वयस्क माणसाला जोखमीचे वाटते. इकडे दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून मधुमेह आणि रक्तदाब जडलेल्यांना डॉक्टर सांगतात, “रोज चाला.” या दोन्हींतून मार्ग म्हणून ट्रेडमिल आता शहरांपुरती राहिलेली नाही, पाथरीसारख्या गावांतील घरांच्या माडीवरही ती येऊ लागली आहे.

चालण्याची सोय झाली हे चांगलेच झाले. परंतु या यंत्राकडे आपण पंखा किंवा मिक्सर यांच्याप्रमाणे पाहतो, आणि तेथेच चूक होते. रस्ता आणि ट्रेडमिलचा पट्टा यांत एक मूलभूत भेद आहे. रस्त्यावर माणूस थांबला की चालणे थांबते. ठेच लागली तरी जमीन जागची हलत नाही. पट्ट्यावर मात्र पाऊल चुकले, चक्कर आली किंवा लक्ष विचलित झाले, तरी पट्टा त्याच गतीने मागे सरकत राहतो. ट्रेडमिलवरील बहुतेक दुखापतींचे मूळ या एका गोष्टीत आहे आणि सुरक्षिततेचे सर्व नियमही तिच्यातूनच निघतात.

यंत्राचा पूर्वेतिहास

ट्रेडमिलचा पूर्वज व्यायामासाठी जन्मला नव्हता. इंग्रज अभियंता विल्यम क्यूबिट याने १८१८ च्या सुमारास तुरुंगातील कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचे मोठे फिरते चाक बनवले. कैदी तासन्‌तास त्या पायऱ्या चढत राहत आणि चाक फिरत राही. पुढे विसाव्या शतकात वैद्यकाने हीच कल्पना वेगळ्या हेतूने वापरली. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी चालत्या पट्ट्यावर हृदयाची क्षमता तपासण्याची पद्धत घालून दिली. १९६३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची रीत आजही ‘टीएमटी’ या नावाने रुग्णालयांत चालते. या तपासणीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवला जातो. त्याच दशकाच्या अखेरीस विल्यम स्टॉब या अमेरिकी अभियंत्याने घरी वापरता येईल असे साधे यंत्र तयार केले.

टीएमटीची एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. तपासणी सुरू असताना रुग्णाच्या छातीवर ईसीजीच्या तारा असतात, रक्तदाब वारंवार मोजला जातो आणि प्रशिक्षित व्यक्ती शेजारी उभी असते. तशाच प्रकारच्या यंत्रावर घरी आपण एकटेच, कधी दार लावून चढतो. रुग्णालयात जी सावधगिरी दुसरे बाळगतात, ती घरी स्वतःच बाळगावी लागते.

जागा आणि वीज

ट्रेडमिल घेताना तिची किंमत पाहिली जाते, जागा पाहिली जात नाही. यंत्राच्या मागे किमान दोन मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा फूट, आणि दोन्ही बाजूंस किमान अर्धा मीटर जागा मोकळी असावी. अनेक घरांत समोर दूरदर्शन संच दिसावा म्हणून यंत्राची पाठ भिंतीला टेकवली जाते. ही मांडणी सर्वांत घातक आहे. पडलेला माणूस मागे फेकला जाऊन भिंत आणि सरकता पट्टा यांच्यामध्ये अडकतो आणि पट्टा त्याची त्वचा सोलत राहतो. खोलीत तेवढी जागा नसेल तर यंत्र न घेणे हाच शहाणपणा.

वीजजोडणीचा विचारही तितकाच महत्त्वाचा. मोटरचा भार मोठा असल्याने यंत्रासाठी जाड पिनेचा पॉवर सॉकेट हवा आणि त्याचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घेतलेले हवे. लांब वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ट्रेडमिल चालवू नये. जुलै २०२३ मध्ये दिल्लीतील रोहिणी भागात एका व्यायामशाळेत ट्रेडमिलमधून विजेचा धक्का बसून एका तरुण अभियंत्याचा मृत्यू झाला. घामाने भिजलेले शरीर, धातूचा दांडा आणि सदोष जोडणी हे तिन्ही एकत्र आले तर क्षणही पुरतो.

वीज अचानक जाणे आपल्याकडे नवे नाही. वीज गेली की पट्टा थबकतो आणि शरीर मात्र पुढे झेपावते. म्हणून हात नेहमी दांड्याच्या आवाक्यात असावेत. वीज गेल्यावर पट्ट्यावर उभे राहून ती येण्याची वाट पाहू नये. खाली उतरून बटण बंद करावे आणि वीज स्थिर झाल्यावर पुन्हा सर्वांत कमी वेगापासून आरंभ करावा.

चढणे, चालणे, उतरणे

पट्ट्यावर उभे राहून यंत्र सुरू करणे ही नवख्यांची नेहमीची चूक. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्थिर कडा असतात. प्रथम त्यांवर पाय ठेवून उभे राहावे, दांडा धरावा, यंत्र सर्वांत कमी वेगावर सुरू करावे आणि पट्टा संथ चालू लागल्यावरच त्यावर पाऊल ठेवावे.

त्यापूर्वी एक काम न चुकता करायचे असते. यंत्रासोबत दोरी असलेली एक लाल चावी मिळते. तिला सेफ्टी की म्हणतात. दोरीचा चिमटा अंगातील कपड्याला लावला, तर माणूस मागे ढळताच चावी सुटते आणि मोटर बंद पडते. पट्ट्याला स्वतःहून न येणारे थांबणे ही चावीच त्याला शिकवते. तरीही कित्येक घरांत चावी यंत्राला कायमची लावलेली असते आणि दोरी नुसतीच लोंबकळत असते.

पहिली पाच मिनिटे ताशी दोन-तीन किलोमीटर इतक्या संथ गतीने चालावे. त्यानंतर वेग हळूहळू वाढवावा. ज्येष्ठांना ताशी तीन-चार किलोमीटर पुरेसे होतात. निरोगी प्रौढांसाठी पाचच्या आसपासचा वेग म्हणजे झपझप चालणे. वेग योग्य आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता यावीत, पण स्तवन म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास पुरतो. एकाच दिवशी तो भरून काढण्याचा अट्टहास नको.

दांड्यावर भार टाकून पुढे झुकून चालल्यास पाठ आणि खांदे दुखू लागतात. तोल सांभाळण्यापुरता हात टेकवावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चढाचे बटण वापरण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

थांबतानाही घाई नको. वेगाने चालत असता एकदम थांबले तर पायांकडे गेलेले रक्त पुरेसे परत फिरत नाही आणि भोवळ येते. अखेरची पाच मिनिटे वेग उतरवत न्यावा. पट्टा पूर्ण थांबल्यावरच खाली यावे आणि दांडा धरून क्षणभर उभे राहावे, कारण पट्ट्यावरून उतरल्यावर स्थिर जमीनही काही वेळ सरकल्यासारखी वाटते. चालता चालता तोल गेलाच, तर पट्ट्याच्या गतीशी शर्यत न करता दांडा घट्ट धरून दोन्ही पाय बाजूच्या स्थिर कडांवर घ्यावेत.

वस्त्रे आणि पादत्राणे

घरातच चालायचे म्हणून अनेक गृहिणी साडी किंवा लांब गाऊनवरच पट्ट्यावर चढतात. पदर, ओढणी, गाऊनची झालर किंवा सुटलेली बुटाची नाडी पट्ट्यात गुंतली की सावरायला अवधी मिळत नाही. घोट्याच्या वर राहणारा आटोपशीर पोशाख हवा. पायांत घट्ट बसणारे रबरी तळव्यांचे बूट असावेत; चप्पल किंवा नुसते मोजे नकोत. अनवाणी चालण्याची सवय मंदिराच्या वाटेवर शोभते, पट्ट्यावर ती तळव्यांना भाजणारी ठरते.

घरातील लहान मुले

ट्रेडमिलचा सर्वांत गंभीर धोका तिच्यावर चालणाऱ्याला नसून जवळ खेळणाऱ्या बालकाला असतो. मे २०२१ मध्ये पेलोटन या अमेरिकी कंपनीला ‘ट्रेड प्लस’ या जातीची सुमारे सव्वा लाख यंत्रे परत मागवावी लागली. माणसे, मुले, पाळीव प्राणी किंवा वस्तू यंत्राच्या मागील भागाखाली ओढल्या गेल्याच्या ७२ तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी २९ घटनांत मुलांना इजा झाली होती आणि सहा वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला होता.

चालणाऱ्याची पाठ मुलाकडे असते, कानांत बहुधा गाणे असते, आणि रांगते मूल फिरत्या पट्ट्याला कुतूहलाने हात लावते. त्या घर्षणाने बोटांवर होणारी जखम खोल असते. काही मुलांना त्वचारोपण करावे लागते. म्हणून यंत्र चालू असताना मूल त्या खोलीत नसावे. काम झाल्यावर प्लग काढावा आणि लाल चावी उंच कपाटात ठेवावी. दुर्दैवाने इजा झालीच, तर जखमेवर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ, गाळलेल्या साध्या पाण्याची धार धरावी. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये आणि त्वरित रुग्णालय गाठावे.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घराने आणखी एक गोष्ट पाहावी. पट्ट्याखाली आणि मागच्या रुळाजवळ मुंग्या, पाली, कोळी आश्रय घेतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी पुरेशा उजेडात ती जागा मऊ कुंच्याने हळुवार पुंजून घेतली, तर जीवदया साधते आणि मोटरमध्ये धूळही साचत नाही.

तप, चौविहार आणि व्यायाम

आहाराचे नियम पाळणाऱ्या घरांत काही वेगळे भान लागते. चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असते. उन्हाळ्यात अशा व्यक्तीने रात्री घाम गाळणारा व्यायाम केला तर शरीरातील पाणी रात्रभर भरून निघत नाही. त्यांच्यासाठी सकाळची वेळ किंवा सूर्यास्ताच्या बरीच आधीची वेळ योग्य. सायंभोजनानंतर लगेच पट्ट्यावर चढू नये. घरातल्या घरात शतपावली करावी.

उपवास, आयंबिल किंवा एकासन यांच्या दिवसांत, विशेषतः पर्युषण आणि दशलक्षण पर्वात, ट्रेडमिलला विश्रांती द्यावी. अठाईसारख्या दीर्घ तपाच्या पारण्यानंतरही काही दिवस सावकाश चालावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रिकाम्या पोटी व्यायाम केल्यास धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते; हात थरथरणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तिची लक्षणे. अशांनी तप आणि व्यायाम दोन्हींविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग वाढत नाही, म्हणून यंत्रावर दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये.

विनोदी कलावंत राजू श्रीवास्तव १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीच्या एका व्यायामशाळेत ट्रेडमिलवर असताना कोसळले. २१ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. अशा घटनेनंतर अनेकजण यंत्रालाच दोष देतात. पण अचानक वाढलेला श्रम हा बहुधा आधीच लपलेला हृदयविकार उघड करतो. चाळिशी उलटल्यावर, किंवा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान अथवा कुटुंबातील हृदयविकाराचा इतिहास असल्यास, जोरकस व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. चालताना छातीत दडपण आले, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम फुटला, तर ‘एवढे पाच मिनिटे पूर्ण करू’ असे म्हणू नये. थांबावे, बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तालुक्याच्या गावापासून मोठे रुग्णालय दूर असते, म्हणून येथे लवकर निर्णय घेण्याला अधिक मोल आहे. याच कारणासाठी ज्येष्ठांनी घरात कोणी नसताना ट्रेडमिल वापरू नये.

यंत्राची निगा

पट्टा एका बाजूस सरकला, थबकत चालला किंवा पावलाखाली निसटू लागला, तर चालणे थांबवावे. मागील दोन्ही बोल्ट पाव फेऱ्याने फिरवून पट्टा मध्यावर आणता येतो. हे काम माहितीपुस्तिका पाहून, प्लग काढून करावे. पट्ट्याखाली उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन तेलच घालावे, घरातील खोबरेल नव्हे.

ईर्यासमितीचा बोध

साधू-साध्वींच्या पाच समितींत पहिली ईर्यासमिती. चालताना समोरची सुमारे चार हात भूमी पाहून, उजेडात, मन अन्यत्र न जाऊ देता पाऊल टाकावे, असा तिचा आशय. तिचा हेतू जीवरक्षणाचा. परंतु त्या सावधपणाने चालणाऱ्याचेही रक्षण होते. ट्रेडमिलवर पायांकडे पाहत राहिल्यास तोल जातो, म्हणून दृष्टी समोर ठेवावी लागते. तरी समितीचे मर्म दृष्टीच्या दिशेत नसून चित्ताच्या जागेपणात आहे, आणि ते येथेही लागू पडते. मोबाइलवर संदेश लिहीत, मागे वळून कोणाशी बोलत किंवा मालिकेत रंगून चालणे हा प्रमादच होय.

विहार करणाऱ्या मुनींच्या पायाखालची वाट त्यांच्यासोबत थांबते. आपल्या माडीवरील पट्टा थांबत नाही. म्हणून त्यावर चढणाऱ्या श्रावक-श्राविकांनी यतना अधिक पाळावी. चिमटा कपड्याला लावणे, मागची जागा मोकळी ठेवणे, मुलाला खोलीबाहेर ठेवणे आणि शरीराने नकार देताच उतरणे, एवढे चार नियम घरातील प्रत्येकाने पाळले, तर आरोग्यासाठी आणलेले यंत्र दुःखाचे कारण होणार नाही.