परतीची वाट

या स्मरणिकेसाठी मी आजवर जे काही लिहिले ते वैद्यकीय विषयांवरच. यंदा संपादक मंडळाने 'काहीतरी वेगळे द्या' असा आग्रह धरला आणि मला १९८० सालची एक फसलेली लष्करी मोहीम आठवली. सारी हयात भूल देण्यात घालविलेल्या माणसाचा वाळवंटातील कमांडोंशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. तो संबंध मलाही फार उशिरा उमगला.

२५ एप्रिल १९८०. मी तेव्हा इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. वसतिगृहातील मित्राच्या ट्रान्झिस्टरवर संध्याकाळी बातमी ऐकली. तेहरानमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकी नागरिकांच्या सुटकेसाठी गेलेली तुकडी, शत्रूची एकही गोळी न लागता, आठ माणसे गमावून इराणच्या वाळवंटातून परतली होती. एवढे बलाढ्य राष्ट्र आणि ही गत! आम्ही पोरांनी तेव्हा त्यावर यथेच्छ विनोद केले. पुढे या मोहिमेविषयी जसजसे वाचत गेलो, तसतसे ते विनोद मलाच बोचू लागले.

मोहिमेचे नाव 'ईगल क्लॉ'. ओलीस तेव्हा ५३ होते. (त्यांपैकी रिचर्ड क्वीन यांना जुलैमध्ये आजारपणामुळे सोडले, त्यांच्या हाताच्या बधिरतेचे मूळ मल्टिपल स्क्लेरोसिस निघाले. उरलेले ५२ जण ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी सुटले.) अरबी समुद्रातील 'निमित्झ' या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरांनी रात्रीच्या अंधारात हजार किलोमीटरच्या आसपासचे अंतर तोडून तबस शहराजवळच्या वाळवंटात उतरायचे, तेथे सी-१३० विमानांतून आलेले कमांडो व इंधन घ्यायचे, पुढे तेहरानजवळ दिवसभर दडून राहायचे आणि दुसऱ्या रात्री वकिलातीवर छापा घालायचा, अशी योजना होती. किमान सहा हेलिकॉप्टरे धड असतील तरच पुढे जायचे, हा दंडक आधीच ठरलेला होता.

पहिले हेलिकॉप्टर पात्याला चीर गेल्याची सूचना देणारा दिवा लागल्याने वाटेतच सोडावे लागले. मग धूळ आली. वादळ नव्हे, तर हवेत तरंगणारी पिठासारखी बारीक धूळ. पुढचे काही दिसेना. हवामान अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत अशा धुळीचा उल्लेख होता. मात्र हवामान जाणणारे आणि हेलिकॉप्टर चालविणारे यांची कधी समोरासमोर गाठच घालून दिलेली नव्हती. गुप्तता राखायची होती ना! एका वैमानिकाची उपकरणे बिघडली आणि तो धुळीतून माघारी 'निमित्झ'कडे वळला. उतरण्याच्या जागी आकाश निरभ्र होते. ते त्याला कळते तर तो पुढे आला असता, असे त्याने नंतर सांगितले. ज्यांना ते ठाऊक होते ते रेडिओवर बोलत नव्हते.

हे वाचताना मला माझीच एक रात्र आठवली. एका लहान प्रसूतिगृहात तातडीच्या सिझेरियनसाठी भूल दिली होती. मध्येच ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला. शेजारचा राखीव सिलिंडर उघडला, तर तो रिकामा! दुपारीच वॉर्डबॉयने ते सिस्टरच्या कानावर घातले होते, सिस्टरने रजिस्टरात लिहिले होते आणि रजिस्टर पलीकडच्या खोलीत होते. मला कोणी सांगितले नाही हे खरे. मी विचारलेही नव्हते. प्रसूतिकक्षातील सिलिंडर ओढून आणेपर्यंत मी साध्या हवेवर अंबू बॅग दाबत राहिलो. आई व बाळ सुखरूप राहिले. सिलिंडर दोन आहेत, ते मी मोजले होते. भरलेले किती, ते नव्हते मोजले.

वाळवंटात सहा हेलिकॉप्टरे पोहोचली. त्यांतल्या एकाची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेली. उरली पाच. कमांडोंचे प्रमुख कर्नल चार्ल्स बेकविथ यांनी पाचांवर पुढे जाण्यास नकार दिला आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी माघारीस संमती दिली. या निर्णयाला भित्रेपणा म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. मला तो त्या रात्रीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. पोट उघडल्यावर गाठ काढण्याजोगी नाही हे ओळखून ते परत शिवणारा सर्जन मी पाहिला आहे. त्याला लागणारे धैर्य कापण्याच्या धैर्याहून थोडे अधिकच असते.

आठही माणसे मेली ती त्यानंतर. परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर जागा बदलण्यासाठी उचलले गेले, पंख्यांनी उडविलेल्या धुळीत वैमानिकाला अंदाज येईना आणि ते इंधन भरलेल्या सी-१३० वर जाऊन आदळले. विमानातील पाच व हेलिकॉप्टरमधील तीन जण त्या आगीत गेले. उरलेली पाच हेलिकॉप्टरे गोपनीय कागदपत्रांसह तशीच सोडून बाकीच्यांना विमानांतून निघावे लागले.

निवृत्त ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालील सहा अधिकाऱ्यांच्या गटाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल दिला. हेलिकॉप्टरे किमान दहा हवी होती, असे त्यात म्हटले आहे. पण मला अधिक खटकले ते हे की, चारही सैन्यदलांतील ही माणसे वेगवेगळ्या ठिकाणी सराव करीत राहिली. सर्वांची मिळून संपूर्ण रंगीत तालीम एकदाही झाली नाही. त्या अंधारात, इंजिनांच्या आवाजात, नेमका हुकूम कोणाचा मानायचा हेही सर्वांस स्पष्ट नव्हते.

भूलशास्त्रातील मंडळींना हे सांगायला नको. रुग्णाला झोपविताना सारे थिएटर सावध असते. उठविण्याची वेळ येते तेव्हा सर्जन हातमोजे काढून बाहेर चहाला गेलेला असतो, सिस्टर उपकरणे मोजत असते, आणि नेमकी त्याच वेळी नळी काढल्यावर स्वरयंत्र आकसते.

२ मे २०११ रोजी अबोटाबादेत ओसामा बिन लादेनच्या घरावर उतरताना अमेरिकेचे एक हेलिकॉप्टर असेच कोसळले. सरावासाठी उभारलेल्या प्रतिकृतीत भक्कम भिंतीऐवजी जाळीचे कुंपण होते. खऱ्या भिंतीलगत हवा कशी वागते ते कोणाला कळले नव्हते. तालीम झाली तरी काहीतरी निसटतेच. परंतु या वेळी राखीव चिनूक हेलिकॉप्टर जवळच थांबलेले होते. ते आले आणि माणसांना घेऊन गेले.

आता माझ्या हाताखाली शिकणारी मुले शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचा बेत सांगू लागतात. औषधे, मात्रा, नळीचा आकार, सारे बिनचूक. त्यांचे बोलून झाले की मी विचारतो, "आणि उठवताना खोलीत कोण कोण असेल?" बहुतेक वेळा मुले एकमेकांकडे पाहतात.