घरच्या संगणकाची फायरवॉल : काय अडवते, काय अडवीत नाही

आमच्या काउंटरवर एक प्रश्न अधूनमधून येतो : "साहेब, घरच्या संगणकात फायरवॉल चालू होती, मग पैसे गेले कसे?" आम्ही कलाशाखेचे पदवीधर, हे शास्त्र आम्हांला कोणी शिकविले नाही. परंतु ग्राहकाला उत्तर देता यावे म्हणून जे समजून घेतले, ते सभासद बंधु-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला पासष्ट हजारांहून अधिक क्रमांकित दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. फायरवॉल हा या दारांवरचा रखवालदार. आधी हाक कोणी मारली, हे तो मुख्यतः पाहतो. आपण संकेतस्थळ उघडले तर त्याचे उत्तर तो आत येऊ देतो. न बोलावता आलेल्याला, नियमात परवानगी नसल्यास, बाहेरच थांबवितो. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत सहसा अडवीत नाही. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा वर्म १३५ क्रमांकाच्या दारातून जगभरच्या संगणकांत शिरला. कोणी काही उघडले नव्हते, तरी यंत्रे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली. विंडोज एक्सपीमध्ये रखवालदार होता, पण झोपवून ठेवलेला! ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने तो मुळातच जागा ठेवला.

आता सेटिंग. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडावे व सर्व ठिकाणी 'ऑन' आहे ना, ते पाहावे. वसतिगृह, वाचनालय किंवा स्टेशनवरील वायफाय जोडताना नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' ठेवावा. 'प्रायव्हेट' हा घरच्यासाठी, तोही दोन संगणकांत फाइल किंवा प्रिंटर सामाईक वापरायचा असेल तर. एखादा प्रोग्राम परवानगी मागतो, तेव्हा आपण घाईने 'अलाऊ' दाबतो. ओळखीचा नसेल तर 'कॅन्सल' करावे. गरज पडली तर परवानगी नंतरही देता येते. गेम चालत नाही म्हणून मुले फायरवॉलच बंद करतात, हे तर फारच वाईट. त्या एका गेमपुरती परवानगी द्यावी.

आणि पैसे कसे गेले? एका निवृत्त गृहस्थांना "बँकेतून बोलतोय" असा फोन आला. सांगितल्याप्रमाणे त्यांनी संगणकाचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे सॉफ्टवेअर स्वतःच बसविले आणि पडद्यावरचा क्रमांकही वाचून दाखविला. जोडणी आतून बाहेर गेली. हाक मालकाचीच, मग रखवालदाराने अडवायचे कोणाला? बँकेचा कोणताही कर्मचारी असे सॉफ्टवेअर बसवायला किंवा ओटीपी सांगायला लावीत नाही, हे आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने सांगत आहोत. तरीही घडलेच, तर प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडावे आणि त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेला कळवावे; दुसऱ्या दिवशी शाखा उघडण्याची वाट पाहू नये.