तिशीतला खुबा किती वर्षे पुरेल?

खुबा बदलणे हे म्हातारपणाचे ऑपरेशन, हा समज सातपुड्याच्या पायथ्याशी टिकत नाही. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या भिल्ल-पावरा वस्त्यांवर सिकलसेल आहे. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. त्या बंद पडल्या की आतले हाड मरते आणि चालता-चालता गोल खचतो. स्टेरॉइड आणि दारूनेही हेच होते. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या तरुणांची त्यात भर पडली.

गोल खचल्यावर खात्रीचा उपाय म्हणजे कृत्रिम सांधा. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी 1962मध्ये धातूचा गोल आणि टणक प्लास्टिकची वाटी अशी जोडी रूढ केली. वेदना थांबतात, लंगडणे जाते. याबाबतीत तरुणांचेही निकाल उत्तम आहेत. प्रश्न पुढच्या चाळीस वर्षांचा. ‘लॅन्सेट’मधल्या 2017च्या ब्रिटिश अभ्यासानुसार सत्तरीनंतर बसवलेला सांधा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे 5 टक्के, पन्नाशीच्या सुरुवातीला बसवला तर पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. तिशीतल्याचा पल्ला तर आणखी लांबचा.

सांधा बिघडतो तो बहुधा मोडून नव्हे. वाटी घासून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या धडपडीत सुटणारी रसायने भोवतालचे हाड खातात आणि सांधा सैल होतो. दुसरे ऑपरेशन अवघड जाते ते बऱ्याच अंशी या झिजलेल्या हाडामुळे. नव्या घट्ट विणीच्या प्लास्टिकने आणि सिरॅमिकने झीज बरीच कमी केली आहे. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र जंतुसंसर्गाचा धोका अधिक. रक्त, सलाइन, ऑक्सिजन यांची तयारी आधीच ठेवावी लागते.

घरी जाताना ‘उकिडवे बसू नका, जड उचलू नका’ असे बजावले जाते. रावेरच्या केळीबागेत घड वाहून पोट भरणाऱ्याने हे पाळायचे कसे, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसते.

ही वेळ टाळायची तर आजार लवकर ओळखायला हवा. पण खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, म्हणून आधी गुडघ्याचाच एक्स-रे निघतो. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. मेलेले हाड एमआरआयमध्ये आधी दिसते. गोल शाबूत असेपर्यंत त्याला छिद्र पाडून आतला दाब कमी करून पाहता येते.